तीन सेंटांची ट्राम

शहरांच्या इतिहासांत राजवाडे, देवळें, वेढे आणि तह यांना मानाची जागा मिळते. ट्रामच्या भाड्यालाही ती द्यावी असें कोणी म्हटलें तर पुष्कळ वाचकांस ती थट्टा वाटेल. परंतु अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत क्लीव्हलंड नांवाचें एक शहर आहे, आणि त्याच्या अर्वाचीन इतिहासाचा बराच मोठा भाग एका क्षुल्लक नाण्याभोंवतीं फिरत आला आहे. तेथल्या भर चौकांत एका नगराध्यक्षाचा पुतळा १९१६ सालापासून बसलेला आहे. त्याच्या कमरेला तलवार नाहीं, मांडीखालीं घोडा नाहीं. हातांत एक पुस्तक आहे, आणि तें पुस्तकही धर्माचें किंवा काव्याचें नसून अर्थशास्त्राचें आहे. हा मनुष्य ट्रामच्या धंद्यांत गबर झाला, आणि पुढें तोच धंदा धंदेवाल्यांच्या हातून काढून घेण्यासाठीं त्यानें आपलें उत्तर आयुष्य वेंचलें. त्याची हकीकत, आणि त्याच्या मागून त्या शहरानें चोखाळलेले मार्ग, येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. कारण ज्या प्रश्नाशीं तें शहर झगडलें तो आमच्या मुंबईपुण्यासही चुकलेला नाहीं. गाडी चालविण्यास जो पैसा लागतो तो कोणीं द्यावा? जो गाडींत बसतो त्यानें, कीं ती गाडी दारावरून जाते म्हणून ज्याच्या जमिनीचा भाव चढतो त्यानें?

क्लीव्हलंड हें ईरी सरोवराच्या दक्षिण तीरावर, कायाहोगा नदीच्या मुखाशीं वसलेलें आहे. सुपीरियर सरोवराकडील लोखंडाची माती जहाजांतून येथें उतरे, पेनसिल्व्हेनियाचा कोळसा आगगाडीनें येई, आणि दोहोंची गांठ पडली तेथें पोलादाचे कारखाने उभे राहिले. रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल कंपनी १८७० सालीं याच गांवीं जन्मली. १९०० च्या खानेसुमारींत येथील वस्ती ३,८१,७६८ होती; वीस वर्षांत ती ७,९६,८४१ झाली व अमेरिकेंतील शहरांत क्लीव्हलंडचा पांचवा क्रमांक लागला. या आंकड्यांपैकीं पहिला वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल. एवढ्या माणसांना घरून कारखान्यांत आणि कारखान्यांतून घरीं नेणारें वाहन म्हणजे ट्राम. मोटार अजून श्रीमंतांच्या हौसेची वस्तु होती. ट्राम चुकली कीं मजुरी बुडाली, आणि ट्रामचें भाडें सामान्यतः पांच सेंट असे.

रस्ता लोकांचा आणि रूळ कंपनीचे, अशी त्या काळची व्यवस्था होती. नगरसभेनें ठराविक वर्षांचा मक्ता द्यावा, कंपनीनें रूळ घालावे, भाडें घ्यावें, आणि मक्त्याची मुदत भरत आली कीं नगरसभासदांची मनधरणी करावी. ती मनधरणी कशानें होत असे हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. दुधांत पाणी घालावें तसें या कंपन्या आपलें भांडवल कागदावर फुगवीत आणि मग त्या फुगलेल्या भांडवलावर व्याज सुटलें पाहिजे म्हणून पांच सेंट कमी करतां येत नाहींत असें सांगत.

टॉम लॉफ्टिन जॉन्सन याचा जन्म १८५४ सालीं केंटकी संस्थानांत झाला. त्याचा बाप दक्षिणेकडील सैन्यांत कर्नल होता. यादवी युद्धानें त्या घराची धूळधाण झाली. युद्ध संपलें तेव्हां अकरा वर्षांचा टॉम व्हर्जिनियांतील एका लहानशा गांवीं वर्तमानपत्रें विकूं लागला. आगगाडीच्या कंडक्टरशीं त्याची गट्टी जमली होती, आणि त्या गाडीनें येणारीं पत्रें टॉमखेरीज दुसऱ्या कोणास विकूं द्यावयाचीं नाहींत असा त्या भल्या माणसानें नेम केला. मुलानें मनास येईल ती किंमत घेतली. कांहीं आठवड्यांनीं कंडक्टर बदलला, मक्ता गेला आणि मिळकतही गेली. परंतु मक्तेदारी म्हणजे काय चीज आहे हें त्याला त्या वयांत जें उमगलें, तें पुढें कोणत्याही विद्यापीठांत उमगलें नसतें. आपल्या आत्मचरित्रांत त्यानें ही गोष्ट मोठ्या खुषीनें सांगितली आहे.

पंधराव्या वर्षीं तो लुइव्हिल येथील ट्राम कंपनींत नोकरीस लागला. तेथें त्यानें भाडें टाकण्याची एक पेटी बनविली. तिच्या बाजू कांचेच्या होत्या. टाकलेलें नाणें कांहीं वेळ सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून राही. त्यामुळें प्रवाशास खोटें नाणें टाकण्याची आणि नोकरास खरें नाणें खिशांत घालण्याची, अशा दोन्ही सोयी एकदमच बंद झाल्या. या पेटीच्या हक्कांचे त्याला हजारों डॉलर मिळाले. त्या भांडवलावर त्यानें इंडियानापोलिसची ट्राम घेतली, आणि १८७९ सालीं तो क्लीव्हलंडला आला. तेथें मार्क हॅना हा बडा कारखानदार ट्रामच्या धंद्यांत आधींच पाय रोवून बसला होता. शहराच्या एका टोंकाहून दुसऱ्या टोंकाला जाणाऱ्यास त्या वेळीं दोन कंपन्यांचीं दोन भाडीं पडत. जॉन्सननें एकाच भाड्यांत आरपार नेणारी गाडी सुरू केली आणि हॅनाचीं गिऱ्हाइकें ओढलीं. हॅना पुढें सेनेटर झाला व मॅकिन्ले यांस अध्यक्षपदावर बसविणारा सूत्रधार म्हणून गाजला. या दोघांचें वैर हॅनाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०४ पर्यंत, टिकलें.

असा हा पक्का व्यापारी एकदां आगगाडींतून जात असतां पुस्तकें विकणाऱ्या पोऱ्यानें त्याच्यापुढें हेन्री जॉर्जचें ‘सामाजिक प्रश्न’ हें पुस्तक धरलें. नांवावरून तें कांहीं अनीतीच्या बाजारासंबंधीं असावें असें समजून जॉन्सननें तें परत केलें. कंडक्टरानें भीड घातली म्हणून घेतलें. पुढें त्यानें जॉर्जचा ‘प्रगति आणि दारिद्र्य’ हा मोठा ग्रंथही वाचला, आणि आपल्या वकिलास तो देऊन यांत चूक कोठें आहे ती शोधून काढा म्हणून सांगितलें. वकिलास ती सांपडली नाहीं; उलट तोच जॉर्जच्या मताचा झाला. जॉर्जचें मुख्य म्हणणें असें कीं, जमिनीची किंमत मालकाच्या श्रमानें वाढत नाहीं, ती भोंवतालच्या समाजामुळें वाढते. म्हणून ती वाढ समाजानें कराच्या रूपानें घ्यावी आणि श्रमावर व व्यापारावर दुसरा कोणताच कर ठेवूं नये. हें मत सर्वांशीं खरें आहे कीं नाहीं या वादांत आम्ही शिरत नाहीं. परंतु ज्यानें माळरानांतून रूळ नेले आणि शेजारच्या जमिनींचे भाव चढतांना प्रत्यक्ष पाहिले, त्याच्या मनावर हें म्हणणें कां बिंबलें तें सहज समजतें. जॉर्जच्याच सांगण्यावरून तो राजकारणांत पडला. १८९१ ते १८९५ पर्यंत काँग्रेसचा सभासद होता, आणि स्वतः पोलादी रुळांचा कारखानदार असूनही रुळांवरील आयातजकात उठवावी म्हणून तेथें भांडला.

१९०१ सालीं तो क्लीव्हलंडचा नगराध्यक्ष निवडून आला. सर्कशीच्या तंबूसारखा एक मोठा तंबू गल्लोगल्लीं उभारून त्यांत तो सभा भरवी; विरुद्ध पक्षाच्या लोकांनीं प्रश्न विचारावे, त्यानें उत्तरें द्यावीं, असा कार्यक्रम चाले. मागणी एकच आणि अडाण्यासही समजणारी: ट्रामचें भाडें तीन सेंट. पांचाचे तीन झाले तरी धंदा बुडत नाहीं हें तो छातीठोकपणें सांगूं शकत होता, कारण त्या धंद्याच्या वह्या त्यानें आंतून पाहिल्या होत्या. बाहेरच्या सुधारकास ही सोय नसते. मात्र तीन सेंट ही त्याच्या लेखीं पहिली पायरी होती. रस्त्यावरील वाहतूक शेवटीं शहराच्याच मालकीची व्हावी, हें त्याचें खरें उद्दिष्ट होतें.

ओहायोच्या कायद्यानें शहरास स्वतः ट्राम चालवितां येत नव्हती. तेव्हां तीन सेंटांत गाडी चालविण्यास कबूल होईल अशी वेगळी कंपनी काढण्यास त्यानें उत्तेजन दिलें. जुन्या कंपन्या एक होऊन बसल्या. लोक त्या एकीकृत कंपनीस थट्टेनें ‘कॉनकॉन’ म्हणत. मग मनाईहुकमांवर मनाईहुकूम सुटूं लागले. रूळ घालावे, कोर्टानें थांबवावें; वाट सोडून दुसऱ्या रस्त्यानें न्यावे, तेथेंही थांबवावें. १९०६ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस तीन सेंटांची पहिली गाडी निघाली, आणि तिचा दांडा स्वतः नगराध्यक्षानें हातांत धरला होता. १९०८ च्या एप्रिलांत तर जुन्या कंपनीनेंही हात टेंकले: सर्व ट्राममार्ग लोकहितार्थ स्थापलेल्या म्युनिसिपल ट्रॅक्शन कंपनीकडे भाडेपट्ट्यानें आले. त्या आनंदाप्रीत्यर्थ एक दिवस सर्व गाड्या फुकट सोडल्या गेल्या.

त्यानंतर सहा महिने झाले नाहींत तोंच सर्व डाव उलटला. मे महिन्यांत कामगारांनीं संप केला. आदल्या वर्षींच्या आर्थिक घबराटीनें कारखाने मंदावले होते, म्हणून उतारूही घटले होते. तीन सेंटांत भागवावयाचें म्हणून काटकसर सुरू झाली; एका गाडींतून दुसरींत जाण्यास एक सेंट जास्त पडूं लागला. ऑक्टोबरांत सार्वमत घेतलें त्यांत फार थोड्या मतांनीं ही योजना फेटाळली गेली, नोव्हेंबरांत कोर्टानें रिसीव्हर नेमला, आणि १९०९ च्या निवडणुकींत जॉन्सन पडला. एवढ्या अवधींत त्याची खासगी मालमत्ताही ओसरली होती. १९११ च्या एप्रिलांत तो वारला.

त्याच्या चरित्रकारांनीं या पराभवाचें खापर बहुधा भांडवलवाल्यांच्या माथीं फोडलें आहे. आम्हांस तें अर्धेंच सत्य वाटतें. भाडें हा आंकडा लोकांना एकदां सांगितला कीं तो शपथेसारखा होऊन बसतो. गाडीचा खर्च मात्र कोणाच्या शपथेनें बांधला जात नाहीं. जॉर्जच्या शिष्यानें आंकड्याची प्रतिज्ञा केली, पण ती पाळण्यासाठीं गुरूनें दाखविलेला पैसा, म्हणजे जमिनीची वाढलेली किंमत, त्याच्या हातीं नव्हता. आणि तो मिळविण्याचा कायदा करणें नगरसभेच्या आवांक्यांतलें नव्हतें. उरला उतारू, आणि तो तर तीनच सेंट देणार होता.

तंटा मिटविला तो न्यायाधीश टेलर यांनीं. १९१० च्या मार्चपासून अंमलांत आलेली त्यांची योजना हिशेबी माणसास मोह पाडील अशी आहे. कंपनी खासगीच राहावी. तिच्या भागधारकांस शेंकडा सहा मिळावे, त्याहून एक कवडीही जास्त मिळूं नये. आणि गाड्या किती व कोठें चालवावयाच्या हें शहराच्या अधिकाऱ्यानें ठरवावें. पांच लक्ष डॉलरांचा एक निधि ठेवावा. तो वाढून सात लक्षांपुढें गेला कीं भाडें एक पायरी उतरावें, घटून तीन लक्षांच्या खालीं आला कीं एक पायरी चढावें. म्हणजे विहिरींतील पाणी पाहून मोट हांकावी, तसा हा प्रकार! भाडें ठरविण्यांतून नगरसभासदांची भीड आणि कंपनीची लबाडी दोन्ही काढून टाकलीं होतीं. आरंभीं भाडें तीन सेंटच राहिलें; जॉन्सननें तें मरणापूर्वीं पाहिलें.

जॉन्सनचा एक चेला पीटर विट हा पुढें शहराचा ट्राम-अधिकारी झाला. गुरूनें पेटी सुधारली होती, शिष्यानें गाडी सुधारली. उतारूंनीं पुढच्या दारानें चढावें, मधल्या दाराशीं बसलेल्या कंडक्टरजवळून जातांना भाडें द्यावें आणि मधूनच उतरावें, अशी त्याची रचना होती. चढतांना कोणी पैसे शोधीत उभा राहत नसल्यामुळें थांब्यावर गाडी खोळंबत नसे. हा घाट दूरवर पसरला. इटलींतील मिलान शहरांत १९२८ च्या सुमारास घेतलेल्या त्या जातीच्या गाड्या अजूनही रस्त्यावर आहेत.

रूळ आणि जमीन यांचा संबंध कसा असतो हें क्लीव्हलंडला याच सुमारास दुसऱ्याच कोणीं शिकविलें. ऑरिस आणि मँटिस व्हॅन स्वेरिंगेन या दोन बंधूंनीं शहराच्या पूर्वेस शेकर पंथाच्या लोकांची जुनी जमीन घेऊन तेथें सुखवस्तु लोकांचें उपनगर वसविण्याचें मनांत आणलें. तेथून शहराच्या चौकापर्यंत जलद गाडी नसेल तर भूखंड कोण घेणार? गाडीला वाट मिळावी म्हणून या भावांनीं १९१६ सालीं एक अख्खी रेल्वे कंपनीच विकत घेतली! १९२० सालीं शेकर हाइट्सची जलद रेल्वे सुरू झाली, आणि १९३० सालीं चौकालगत त्यांचा टर्मिनल टॉवर हा बावन्न मजल्यांचा मनोरा पुरा झाला. या गाडीची खरी मिळकत भाड्याच्या पेटींत नव्हती, भूखंडांच्या खरेदीखतांत होती. जॉर्ज जें समाजासाठीं मागत होता तेंच या बंधूंनीं स्वतःसाठीं केलें: गाडी आणली, जमीन वाढली, वाढ खिशांत घातली. त्या खरेदीखतांत आणखी एक कलम असे. कंपनीच्या संमतीवांचून मालकास जमीन पुन्हा विकतां येत नसे, आणि ही संमति निग्रो व यहुदी गिऱ्हाइकांस नाकारण्यासाठीं राखलेली होती. १९२९ च्या पडझडींत या बंधूंचें साम्राज्य कोसळलें. १९४४ सालीं त्यांची रेल्वे शेकर हाइट्सच्या नगरपालिकेनें घेतली.

शहराची ट्राम मात्र शहराच्या मालकीची झाली ती १९४२ च्या एप्रिलांत, म्हणजे जॉन्सनच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनीं. त्याचें स्वप्न खरें झालें, पण मोठ्या अवेळीं. नव्या खात्यानें आपला सर्व खर्च भाड्यांतूनच काढावा, कराचा पैसा मागूं नये, असा दंडक होता. महायुद्ध चालू होतें, पेट्रोल मोजून मिळे, गाड्या दाटून भरत. तोंवर कांहीं कळलें नाहीं. युद्ध संपतांच ज्याला त्याला मोटार मिळाली. मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें १९४७ च्या ऑगस्टच्या ७ तारखेस ट्राम घेतली तेव्हां तिच्याबरोबर वीजही घेतली, आणि विजेच्या नफ्यांतून गाडीचा तोटा पुढें कित्येक वर्षें भरून निघाला. क्लीव्हलंडच्या ट्रामला अशी कमावती बहीण नव्हती. १९५४ च्या जानेवारींत तेथील शेवटची ट्राम धांवली. १९५५ सालीं जलद रेल्वे सुरू झाली व १९६८ सालीं ती विमानतळापर्यंत गेली. परंतु ती जुन्या लोहमार्गांच्या कडेनें नेली होती, कारण तेथें वाट स्वस्तांत मिळे. घरें आणि दुकानें अर्थातच दुसरीकडे होतीं. मध्यवस्तींतून भुयारी रेल्वे काढण्यासाठीं १९५३ सालीं मतदारांनीं साडेतीन कोटि डॉलरांचें कर्ज मंजूर केलें होतें. अधिकाऱ्यांच्या तंट्यांत तें भुयार कधीं खणलेंच गेलें नाहीं.

दरम्यान शहर आंतून रिकामें होत चाललें होतें. १९५० सालीं ९,१४,८०८ असलेली वस्ती १९७० सालीं ७,५०,९०३ झाली. गेलेले लोक फार लांब गेले नव्हते, वेशीबाहेरच्या उपनगरांत राहत होते. त्यांचा पैसा तिकडे, गाडीची गरज इकडे, आणि दोहोंच्या मध्यें म्युनिसिपल हद्द. उतारू कमी म्हणून भाडें वाढवावें, भाडें वाढलें म्हणून उतारू आणखी कमी व्हावे, या चक्रांतून भाड्याच्या बळावर सुटका नव्हती. अखेर १९७४ च्या डिसेंबरच्या ३० तारखेस शहर व सबंध कायाहोगा कौंटी यांनीं मिळून बृहत् क्लीव्हलंड प्रादेशिक वाहतूक संस्था स्थापन केली. तिच्या दहा विश्वस्तांपैकीं चार शहराचे, तीन कौंटीचे आणि तीन उपनगरांचे, अशी वांटणी मोठ्या घासाघिशीनें ठरली. १९७५ च्या जुलैंत कौंटीच्या मतदारांनीं शेंकडा एक विक्रीकर या संस्थेसाठीं मोठ्या बहुमतानें मंजूर केला. सप्टेंबरांत शहराच्या गाड्या आणि शेकर हाइट्सची रेल्वे एका छत्राखालीं आलीं. भाडें पंचवीस सेंटांवर आणलें, आणि गर्दीची वेळ सोडून वृद्धांस प्रवास फुकट केला. जॉन्सनच्या तंबूंत टाळ्या पडल्या असत्या असाच हा दिवस होता.

तथापि तो टाळ्या पुऱ्या वाजूं देता कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. विक्रीकर म्हणजे जोड्यांवर, भांड्यांवर, कापडावर कर. झाडूवालीनें जोडा घेतला तरी शेंकडा एक, आणि गिरणीमालकानें घेतला तरी शेंकडा एक. ज्याच्या दारापुढें थांबा येऊन दुकानगाळ्याचें भाडें चढलें, त्यास त्या वाढीबद्दल कांहींच निराळें द्यावें लागत नाहीं. जॉर्जचें पुस्तक हातांत घेऊन बसलेल्या माणसाच्या शहरानें गाडीचा खर्च समाजावर टाकला खरा, पण समाजाच्या ज्या बाजूवर टाकावा असें तें पुस्तक सांगत होतें तिच्या नेमका उलट बाजूवर. शिवाय हा कर बाजाराबरोबर चढतो आणि बाजाराबरोबर पडतो. २००८ च्या मंदीनंतर तो आटला, आणि ज्या वर्षांत लोकांना स्वस्त गाडीची सर्वांत जास्त गरज होती त्याच वर्षांत, २०१० सालीं, संस्थेस पुष्कळ फेऱ्या कमी कराव्या लागल्या. २०२० च्या खानेसुमारींत क्लीव्हलंडची वस्ती ३,७२,६२४ भरली, म्हणजे १९०० सालापेक्षांही किंचित् कमी. परंतु १९०० सालीं ती जेवढ्या जागेंत होती त्याहून आज ती कितीतरी विखुरलेली आहे, आणि विखुरलेल्या वस्तींत प्रत्येक उतारूमागें बसला जास्त मैल धांवावें लागतें.

या संस्थेचें वाखाणलेलें काम म्हणजे यूक्लिड मार्गावरील जलद बस. कोणे काळीं या रस्त्यावर लक्षाधीशांचे वाडे होते. रस्त्याच्या मधोमध बसला स्वतंत्र पट्टे, ट्रामसारखे उंच थांबे, आणि थांब्यावरच भाडें भरण्याचीं यंत्रें, अशी ही व्यवस्था २००८ च्या ऑक्टोबरांत खुली झाली. तिचें नांव ‘हेल्थलाइन’. रस्त्यालगतच्या दोन बड्या रुग्णालयसंस्थांनीं पैसे देऊन तें ठेवविलें आहे. या गाडीच्या शेजारीं ज्यांच्या इमारती उभ्या आहेत त्यांनीं तिच्या खर्चास निराळा हातभार लावल्याचें हें उदाहरण म्हणावें, तर तें अक्षरशः नांवापुरतें आहे.

गाडींत पेटी नाहीं, दार उघडतांच सर्वांनीं एकदम चढावें, ही या मार्गाच्या वेगाची किल्ली होती. पीटर विटला ती पसंत पडली असती. भाडें भरलें आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम पोलिसांकडे होतें. ते चालत्या बसमध्यें शिरून प्रत्येकाचें तिकीट मागत. कांहीं संशय नसतां पोलिसानें नागरिकास असें अडवून पुरावा मागणें घटनेविरुद्ध आहे, असा निकाल २०१७ सालीं तेथील म्युनिसिपल कोर्टाच्या न्यायाधीशांनीं दिला. तेव्हांपासून ती तपासणी थांबली, चढतांना भाडें पाहण्याचें काम ड्रायव्हरकडे आलें, आणि थांब्याथांब्यावर पुढच्या दाराशीं पुन्हा रांग लागूं लागली. भाडें त्यापूर्वींच, २०१६ सालीं, अडीच डॉलर झालें होतें.